मटोलोंच्या रानात कस्तूर नाही

१४ ऑक्टोबर

लिंडानीदादा,

आधीची पत्रं तू उघडलीस की नाहीस, मला कळायला मार्ग नाही. ती परत आली नाहीत, म्हणजे निदान तुरुंगाच्या दारातून आत तरी गेली, असं मी धरून चालते.

आई बरी आहे. पाय सुजतात, पण बरी आहे.

मला काम मिळालंय. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहिते. काम कंपनीच्या जमिनीवर आहे. पगार विद्यापीठ देणार, पण रोज पहाटे त्याच हिरव्या गेटातून आत जायचं. गेटवर अजून तोच सोनेरी दाताचा पहारेकरी आहे. माझं ओळखपत्र बघून म्हणाला, "मटोलो? आगवाल्याची बहीण ना तू? पिशवीत काडेपेटी आहे का?"

"दुर्बीण आहे," मी म्हटलं. "बघायची?"

त्यानं खरंच बघितली, उलटी धरून. म्हणाला, "यातून तर तू फार लांब दिसतेस. असंच बरं आहे." बाकीचे हसले. मीही हसले. रोज त्याच गेटातून जायचंय.

काम पक्षी मोजायचं आहे. पाईन आणि निलगिरीच्या रांगांमध्ये, ओढ्यांच्या घळीत, कड्यांखाली, जिथे ट्रॅक्टर पोचला नाही तिथे जुन्या रानाचे तुकडे राहिलेत. तुला ते माझ्याहून जास्त माहीत आहेत. प्रत्येक तुकड्यात ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. आपल्या येण्यानं पक्षी गप्प झालेले असतात; ते पुन्हा बोलायला लागेपर्यंत थांबायचं, मग जे दिसेल आणि जे ऐकू येईल ते टिपायचं. थोड्या वेळानं पुढची जागा.

कामाच्या प्रमुख गोवेंडर बाई आहेत, पीटरमॅरिट्झबर्गच्या. साठीच्या आहेत, दमा आहे. चढावर दर वळणाला झाडाला टेकतात आणि वर मलाच विचारतात, "दमलीस का गं?" माझे कान चांगले आहेत म्हणाल्या. त्यांना बारीक आवाज आता ऐकू येत नाहीत, त्यासाठीच मला घेतलंय.

पाईनमधून चालताना पायाखाली सुयांचा थर असतो, पाऊलसुद्धा वाजत नाही. मग रानाची कड येते आणि एकदम पाखरांचा गलबला सुरू होतो. एवढं एक सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही.

पत्ता तोच. एक ओळ लिहिलीस तरी पुरे.

झिबुयिले

६ नोव्हेंबर

दादा,

कड्याखालचं मोठं रान शाबूत आहे. हे तुला आवडेल म्हणून आधी लिहिते.

धुक्यात आम्ही उमखोबाच्या झाडांखाली उभ्या होतो. उजाडताना पोपट उठले. लहानपणी आपण त्यांच्यामागे खालपर्यंत धावायचो ते हेच, हिरवे, खांद्यावर लाल डाग असलेले. किंचाळत एकामागून एक शेंड्यांवरून निघाले. बाईंचा आकडा आणि माझा आकडा जुळेना. बाई म्हणाल्या, "तू दोन जास्त मोजलेस." मी म्हटलं, "तुम्ही दोन कमी मोजलेत." शेवटी दोघींनी कमी आकडा लिहिला, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खात्री नसेल तेव्हा कमीच लिहायचं असतं.

त्याच सकाळी कर्णा पक्षी पाहिला, लाल पोटाचा, फांदीवर पाठमोरा. आणि नारिंगी छातीचा कस्तूर ऐकला. तो दिसत नाही, जमिनीलगत सावलीत फिरतो, पण गायला लागला की आख्खी घळ त्याची. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. त्याचा आवाज मात्र त्यांना अजून येतो.

कस्तूर मला आत्ता नीट समजतो. त्याला पाचोळा लागतो, ओल लागते, वर मोठी झाडं लागतात. कडेला तो येत नाही. रान एवढं लहान झालं की त्याला आतला भागच उरला नाही, तर तो जातो. जिथे कस्तूर आहे तिथे रान अजून रान आहे, एवढं साधं आहे ते.

आता दुसरी गोष्ट. हे पक्षी मोजणं कशासाठी, ते मला सुरुवातीला पूर्ण कळलं नव्हतं. परवा कंपनीचे वनव्यवस्थापक स्ट्रायडम आले. गोरे असून आपल्या भाषेत आपल्यासारखेच बोलतात, शेतावर वाढलेत. पिकअपच्या बॉनेटवर नकाशा पसरून म्हणाले, "हे बघ झिबुयिले, मी कुणाच्या वाईटावर नाही. ज्या तुकड्यांत रान उरलंय, ते राखायचे. कुंपण घालायचं, रानबाभूळ काढायची. ज्यांत काही उरलं नाही तिथे बाभूळ माजणारच आहे, त्यापेक्षा निलगिरी लावलेली बरी."

"उरलं की नाही हे कोण ठरवणार?"

"झाडं बघणारे झाडं बघतील. पक्षी तुम्ही बघताय."

नकाशावर आपल्या रानाला नाव नाही. अकरा नंबर आहे. तिथे मी अजून गेलेले नाही. बाईंनी ते यादीत शेवटी टाकलंय. त्यांनी कारण सांगितलं नाही, पण माझं आडनाव त्यांना माहीत आहे, आणि खटल्याची बातमी पेपरात आली होती.

आई तुझी आठवण काढते.

झिबुयिले

२८ नोव्हेंबर

दादा,

मी आपल्या रानात जाऊन आले. दोनदा बाईंबरोबर गेले, मग परवानगी काढून एकटी.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. पण तू ते त्या ऑगस्टनंतर पाहिलेलं नाहीस, आणि कुणी तुला सांगितलं नसेल.

वणवा आला तेव्हा रान पाईनपेक्षा हळू जळलं असेल, पण जळलं. मोठा उमखोबा उभा आहे, काळा, आतून पोकळ. ओढ्याकडची झाडं त्या वर्षी हिरवी दिसली होती, ती नंतर वाळत गेली. वर छत नाही म्हणून ऊन थेट जमिनीवर येतं. रानबाभूळ इतकी दाट उगवली आहे की आडवं होऊन शिरावं लागतं, बाकी सगळीकडे काट्यांच्या वेली. बाबांच्या आणि आजोबांच्या थडग्यांचे दगड आगीनं तडकले आहेत. मी ते परत लावले.

पक्षी सांगते. बुलबुल. चष्मेवाले. कोतवाल, जळक्या फांदीवर. कुठल्याही परसात दिसतात ते. बाकी काही नाही.

घरी आले तर आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती.

"होता ना?" तिनं विचारलं.

"कोण?"

"कोण काय विचारतेस. कस्तूर. मी सून म्हणून त्या रानाच्या कडेला आले तेव्हा तो बोलला की मी चूल पेटवायचे. तिथून उठवून इथे आणलं, तरी मला ऐकू येतो. आजही आला. ऐक."

मी ऐकलं. शेजारी मामखिझेच्या पीचच्या झाडावर अंगणातला रॉबिन शीळ घालत होता.

"आई, तो रॉबिन आहे."

"तुला शिकवणार का मी आता पक्षी?" ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून हळू बोलायला लागली. "झिबुयिले, तो कागद तुझ्या हातात आहे. लिही की तो आहे. एक पक्षी. कोण जाणार आहे बघायला?"

"बाई जातील. कंपनी दुसऱ्या कुणाला पाठवेल."

"तो लपणारा पक्षी आहे. दिसला नाही तर नाही दिसला. तू ऐकलास म्हण."

मी दुर्बीण पिशवीत ठेवायला लागले. तेव्हा ती म्हणाली, "भावाच्या वेळी तू खरं बोललीस. आता माझ्या नवऱ्याच्या थडग्यासाठी तरी खोटं बोल."

दादा, त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. आईनं कोर्टात सांगितलं की तू तापानं घरी झोपून होतास. मग मला विचारलं. मी सांगितलं की दुपारी गरम वारा सुटला होता, आणि तू रॉकेलचा डबा घेऊन चढावर जाताना मला दिसलास. तुला वाटतं मी पोलिसांना घाबरले. तसं नव्हतं. मुझीला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी मामखिझे कुंपणाशी आली होती. आग विझवायला गेलेल्या टोळीतला तिचा तो मुलगा जिवंत परत आला नव्हता, आणि तिनं मला एवढंच विचारलं, "तू काही पाहिलंस का गं?" तिला मी खरं सांगितलं. नंतर कोर्टात वेगळं कसं सांगणार होते?

कंपनीनं थडग्यांकडे जायच्या वाटेला कुलूप घातलं होतं, हेही मी कोर्टात सांगितलं. ते कुणी लिहून घेतलं नाही.

आणखी काही सकाळी जाते. बाई म्हणाल्या, हवं तेवढ्या वेळा जा.

झिबुयिले

१९ डिसेंबर

दादा,

मी जात राहिले. पाऊस पडून गेल्यावर गेले, धुक्यात गेले, संध्याकाळी गेले, कारण कस्तूर संध्याकाळीही गातो. बाभळीत बसून राहिले. एकदा खरंच वाटलं की पाचोळ्यात काही उकरतंय. मी पेन्सिल काढली. उंदीर होता.

शेवटच्या दिवशी बाई माझ्याबरोबर आल्या. जळक्या उमखोबापाशी दम खात उभ्या राहिल्या. मी त्यांना सरळ विचारलं, "मी लिहिलं की एकदा ऐकला, तर?"

"ऐकलास का?"

"नाही."

त्यांनी घाम पुसला. म्हणाल्या, "तू लिहिलंस तर मी सही करीन. तुझ्या कानांवर माझा विश्वास आहे, म्हणून तर तुला आणलं. मग स्ट्रायडम माणसं पाठवतील. त्यांना तो मिळणार नाही. मग ते म्हणतील, हिनं अकराव्यात खोटा पक्षी लिहिला, तर कड्याखालचे पोपट खरे कशावरून?" मग म्हणाल्या, "पण बाप तुझा आहे. मी तुला काय सांगू?"

त्यांनी मला अडवलं असतं किंवा ढकललं असतं तर सोपं गेलं असतं.

मी काय लिहिलं ते तुला ठाऊकच आहे.

पोपटांचं रान राहील. त्याला कुंपण घालायला पैसे मंजूर झालेत, शेजारच्या दोन तुकड्यांनाही. अकरा नंबर झाडं बघणाऱ्यांनीही सोडला. थडगी कंपनीच्या खर्चानं हलवणार, स्ट्रायडम स्वतः घरी येऊन सांगून गेले. टोपी हातात धरून उभे होते. आईनं त्यांना चहा दिला. मला दिला नाही.

नाताळाला मक्याच्या पिठाचा फुटू आणि कोंबडी करायचं ठरलं होतं. आई म्हणते कोंबडी तू आल्यावर कापायची.

पुढच्या हिवाळ्यात, जूनच्या सुमारास, थडगी हलवतील. मी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना अर्ज करते. बाबांना आणायला मुलगा हवा. एका दिवसासाठी तुला सोडतात, मी चौकशी केली आहे.

झिबुयिले

९ जून

दादा,

बाबांना आणि आजोबांना हलवलं.

अर्ज मंजूर झाला होता. ती सही मी स्वतः पाहिली. मग तिथल्या अधिकाऱ्यानं फोन करून सांगितलं की तू नकार दिलास. कारण विचारलं तर तो अवघडून म्हणाला, "त्यानं विचारलं बहीण असेल का. असेल म्हटल्यावर नाही म्हणाला."

मला आधी सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी कुठेतरी गेले असते. आईला मी सांगितलं की तुरुंगानं सोडलं नाही. तू आलास की तूही तेच सांग.

ज्या बोराटीच्या फांदीवरून बाबांचा आत्मा न्यायचा, ती कुणी धरायची यावरून जुन्या लोकांनी कुरकुर केली. शेवटी आईनंच ती उचलली. सकाळी धुकं होतं. तडकलेल्या दगडांपाशी फांदी टेकवून ती म्हणाली, "मटोलो, उठा. आपल्याला इथून निघायचंय."

कंपनीनं पिकअप दिला होता. आई पुढे बसली, फांदी मांडीवर. फांदी धरलेल्या माणसानं वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नसतं, फक्त नेलेल्याशी बोलायचं, म्हणून ती सगळी वाट बाबांशीच बोलत होती. मी मागे उघड्यावर बसले होते, काचेतून ऐकू येत होतं.

"मटोलो, ओढा आला, धरून बसा. आता पाईन लागले. हे तुम्ही लावलेत, आठवतं ना, तुमच्याच हातचे आहेत. पोरगा आला नाही. त्याला सोडलं नाही त्यांनी. पोरगी मागे बसली आहे. तुमच्या पोरीनं साहेबांना सांगितलं की इथे आता कुणी राहत नाही."

गेटवर सोनेरी दाताच्या पहारेकऱ्यानं टोपी काढली.

नवी जागा चर्चच्या मागे, सपाट आहे. गवत आहे. बकरी कापली, लोक जेवले, मामखिझेसुद्धा आली आणि भांडी घासून गेली. मुझीचं थडगं तिथून चार पावलांवर आहे.

फांदी ठेवल्यावर आईला बोलायला मोकळीक होती. सगळ्यांशी बोलली. माझ्याशी नाही. मला वाटलं दमली असेल. आज आठवडा झाला. मीठ हवं असलं तर भांडं माझ्याकडे सरकवते.

अकरा नंबरमध्ये परवा आरा फिरला. मी गेले नाही. आवाज घरापर्यंत येतो.

झिबुयिले

२ ऑगस्ट

दादा,

तुरुंगाच्या समाजसेविकेचा फोन आला होता. महिनाअखेर तुझी सशर्त सुटका होईल. घरचा पत्ता त्यांना चालतो, आणि तू लिहून दिलंयस की बहीण त्या घरात राहणार असेल तर तुला आतच राहायचंय. तिनं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, लिहा, बहीण राहत नाही.

गोवेंडर बाईंनी मला प्रांताच्या सीमेपलीकडे, ईस्टर्न केपमधल्या लागवडींवर काम मिळवून दिलं. तिथेही असेच तुकडे आहेत, इथल्यापेक्षा लहान. बाईंनी आधीच सांगितलं, फार आशा धरू नकोस. मी म्हटलं, ती सवय गेली.

आईला सांगितलं की तू येतोयस. जूनपासून माझ्याशी न बोललेली बाई वळून म्हणाली, "कोणत्या गाडीनं?" मी म्हटलं, ते तुरुंगातून कळवतील. मग ती तुझी चादर धुवायला घेऊन गेली. मी जातेय हेही सांगितलं. तिनं ऐकलं, कारण नळ बंद केला होता. मग तो पुन्हा सोडला.

आता नीट वाच. आईची साखर फार वाढली आहे. मी पत्रांत बरी आहे, बरी आहे लिहीत आले, ते खरं नव्हतं. डाव्या पायाची दोन बोटं मे महिन्यात काढली. थडग्याच्या दिवशी ती काठी टेकत चालली होती. तुला तिथे बसून काही करता आलं नसतं, म्हणून लिहिलं नाही. पायाची पट्टी एक दिवसाआड बदलायची, कोमट पाण्यानं, आणि आधी पाण्यात स्वतःचा हात घालून बघ, कारण तिला आता पायाला चटका कळत नाही. गोड चहा मागेल, देऊ नकोस. तुझ्याकडे हट्ट करेल, तुझ्यापुढे तिचा हट्ट चालतो.

रोज सकाळी इन्सुलिनची सुई द्यायची. कशी द्यायची ते दवाखान्यातली नर्स तुला दाखवेल. आपला फ्रिज गेल्या वर्षीपासून बंद आहे. औषध मामखिझेच्या फ्रिजमध्ये असतं. ते तिच्या घरी जाऊन आणावं लागतं, रोज. आईला तेवढं चालवत नाही. म्हणजे तुलाच जावं लागेल.

मी काल तिच्याकडे गेले होते. म्हटलं, "उद्यापासून औषध न्यायला मी येणार नाही. महिनाअखेरीपर्यंत चर्चमधली बाई येईल. मग लिंडानी येईल. चालेल ना?"

ती शेंगा निवडत होती. हात थांबवले नाहीत. म्हणाली, "फ्रिज तर चालूच असतो."

"आणि तो आला तर?"

"दार उघडीन," ती म्हणाली. "बोलेन की नाही ते आत्ता सांगता येत नाही."

सातच्या आत जा. त्यानंतर ती शेतावर जाते आणि दाराला कुलूप असतं.

झिबुयिले